कळ आणि कळवळा

प्रश्न: परिचर्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका बाई वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टर, मावशी आणि मामा यांच्या प्रशिक्षणासाठी पत्रक तयार करीत आहेत. ‘रुग्णाला सहानुभूती नको, समानुभूती द्या’ हे वाक्य त्यात घ्यावे का, आणि समानुभूती द्यायची, दाखवायची की बाळगायची, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर: घेऊ नये. हे वाक्य मी इतक्या व्याख्यानांत ऐकले आहे की आता ‘सहानुभूती नको’ एवढे कानावर पडले तरी पुढचे मीच पुटपुटतो. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग आला, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र रुग्णाशी कसे बोलावे हे मराठीतून शिकवणाऱ्यांनी आपण स्वतः कोणते मराठी बोलतो आहोत, इकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

‘सहानुभूती’ म्हणजे दुरून केलेली कीव आणि ‘समानुभूती’ म्हणजे खरे समजून घेणे, ही वाटणी शब्दांतून निघत नाही. ‘सह’ म्हणजे बरोबर, ‘अनुभूती’ म्हणजे अनुभव. बरोबरीने अनुभवणे यापेक्षा वेगळे काय हवे आहे? शब्द बिघडला तो वापराने, कारण आपण सहानुभूती दाखवू लागलो, मिळवू लागलो आणि निवडणुकीत तिची लाटही आणू लागलो. उलट ‘सम’ हे उपपद जे वचन देते ते कोणालाच पाळता येणार नाही. बावीस वर्षांच्या सिस्टरला सत्तरीच्या आजींच्या मोडलेल्या खुब्याचा ‘समान’ अनुभव कोठून येणार? ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ असे म्हणणारी आपली भाषा या बाबतीत परिभाषाकारांपेक्षा प्रामाणिक आहे.

परिभाषाकार यावर, ज्या इंग्रजी शब्दासाठी त्यांनी ‘समानुभूती’ योजली त्या ‘एम्पथी’चा आधार दाखवतात, जणू तो शब्द ग्रीक ऋषींनी तपश्चर्या करून मिळवला होता. प्रत्यक्षात टिचेनर या मानसशास्त्रज्ञाने 1909 मध्ये ‘आइनफ्यूलुंग’ या जर्मन शब्दासाठी तो इंग्रजीत घडवला, आणि तो जर्मन शब्द सौंदर्यशास्त्रात रुळला होता तो चित्र, शिल्प, इमारत पाहताना मनाने त्यांच्यात शिरण्याच्या अनुभवासाठी. रुग्णाच्या खाटेशी त्याचा संबंध नव्हता. ज्या ग्रीक शब्दाचा साचा टिचेनरने घेतला, त्याचा आजच्या ग्रीक भाषेतला अर्थ द्वेष किंवा आकस असा आहे. तेव्हा अथेन्समधल्या सिस्टरांना हे व्याख्यान देताना जपून बोलावे लागेल.

‘अनुकंपा’ हा शब्द खरे तर फार सुंदर. दुसरा थरथरला की त्यापाठोपाठ आपणही थरथरणे, सतारीच्या तरफेच्या तारा न छेडता झंकारतात तसे. पण तो सरकारी नोकरीच्या अर्जात अडकून पडला आहे आणि तेथून त्याला सोडवणे माझ्याच्याने होणार नाही.

आता ज्या शब्दासाठी हे उत्तर लिहायला घेतले त्याकडे येतो. तो शब्द म्हणजे कळवळा. पोटात दुखू लागले की रुग्ण कळवळतो, आणि त्याला पाहून जवळच्याच्या मनात जो उठतो तो कळवळा. सोसणाऱ्याची क्रिया आणि पाहणाऱ्याची भावना या दोन्हींना एकाच शब्दातून घडवणे, यात ‘सह’ आणि ‘सम’ यांचा सगळा वाद मिटतो. दोन्हींच्या मुळाशी मला ‘कळ’ दिसते, जिचे अनेकवचन प्रसूतिकक्षातल्या प्रत्येक सिस्टरला पाठ असते.

यापुढे जाऊन मी ‘कळ’ आणि ‘कळणे’ यांनाही एका घरात बसवतो. ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, ‘कळणे’ संस्कृत ‘कल्’ धातूकडे जाते आणि दुखण्याच्या कळेचा त्याच्याशी संबंध सिद्ध झालेला नाही, असे शिस्तप्रिय मंडळी मला नेहमी ऐकवतात. ऐकवोत. ‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे, हे तर त्यांनाही मान्य आहे. मग संस्कृतात दुखणे आणि जाणणे सख्खे असू शकतात आणि मराठीत मात्र केवळ शेजारी, हा आग्रह कशासाठी? शिवाय व्याकरण माझ्या बाजूने आहे. मराठीत माणूस जे करतो त्याची सुरुवात ‘मी’ने होते आणि जे त्याच्याकडे चालून येते त्याची ‘मला’ने: मला भूक लागते, मला थंडी वाजते, मला कळ येते, आणि मला कळते. कळणे हे आपण करीत नाही, ते आपल्याला होते. म्हणूनच प्रशिक्षणात घोटून घेतलेले ‘मी तुमचं दुःख समजू शकते’ हे वाक्य ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. ते हिंदीवरून उचललेले आहे, आणि त्यात सगळा भर बोलणारीच्या क्षमतेवर आहे. ‘मला कळतंय, आजी’ एवढ्याने काम भागते.

कळवळा म्हणजे रडारड, तो व्यवसायात परवडत नाही, असा आक्षेप एका विद्वानांनी माझ्यापाशी घेतला होता. त्यांनी तुकोबांच्या ‘ऐसी कळवळ्याची जाती’च्या आधीची ओळ पाहावी: ‘लेंकुराचें हित वाहे माउलीचें चित्त’. तेथे अश्रू नाहीत, हित आहे. आणि लेकराचे नाक दाबून कडू काढा पाजणारी आई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कळवळ्याने हात थरथरतो की नाही हे सांगावे लागत नाही.

आत्याला कमरेच्या दुखण्यासाठी दाखल केले होते, तेव्हा तरुण डॉक्टरांनी अगदी नम्रपणे विचारले, “वेदना शून्य ते दहा यांपैकी किती आहे?” आत्याने विचारले, “कशाचे दहा?” डॉक्टर थांबले. चादर बदलणाऱ्या मावशींनी मान वर न करताच विचारले, “ठणकतंय का कळ मारतीय?” आत्या लगेच बोलती झाली: बसून राहिले की ठणकते, उठताना मात्र कळ निघते ती मांडीमागून थेट घोट्यापर्यंत. मग कोठे डॉक्टरांचे पेन चालू लागले, आणि पुढचे चार प्रश्न त्यांनी पायाविषयी विचारले.

तेव्हा बाई, पत्रकात समानुभूतीच्या व्याख्येला जेवढी जागा ठेवली असेल तेवढ्यात कळ, ठणका, चमक, उसण, ठसठस, चुरचुर, भगभग, रग हे शब्द छापा, आणि यांतला कोणता कोठल्या दुखण्याला लागतो हे वॉर्डातल्या जुन्या मावशींकडून नव्या मुलींना ऐकवा. ‘द्यायची की दाखवायची’ हे राहिलेच. ‘अनुभूती’ला मराठीत ‘येणे’ हेच क्रियापद शोभते, आणि ‘समानुभूती येऊ द्या’ असे लिहून पाहिलेत तर तुम्हीच ते खोडाल. सुई टोचताना म्हणायचे वाक्य हवे असेल तर ‘जरा कळ काढा, आजी, झालंच’ हे चांगले आहे.