रानभेंडीचं बी का रुजत नाही?

प्रश्न : पिवळ्या फुलांच्या रानभेंडीचं बी जूनमध्ये कुंडीत पेरलं. वीसपैकी दोनच रुजल्या. बी पोचट असेल का?

उत्तर : बहुतेक बी चांगलंच असणार. त्याचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरत नाही. सगळं बी एकदम न रुजता मागेपुढे रुजणं रानात झाडाच्या पथ्यावर पडतं. कुंडीवाल्याची मात्र पंचाईत.

आधी बी पाण्यात टाका. तरंगेल ते पोचट किंवा किडकं, काढून टाका. बुडालेल्या बीला एका बाजूला खाच दिसेल. अंकुर तिथूनच निघतो, म्हणून खाचेला हात लावू नका. पाठीची फुगीर बाजू बारीक पॉलिश पेपरवर हलकेच घासा. गडद सालीखालचा फिका ठिपका दिसला की थांबा. त्यापुढे घासलं तर आतला गर दुखावतो आणि बी कुजतं. मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी लगेच १ सेंमी खोल पेरा. जे फुगलं नाही त्याला पाणी मिळालेलंच नाही. ते पुन्हा घासा.

सोटमूळ लांब जातं, त्यामुळे थेट जागेवर पेरणंच बरं. दोन रोपांत ६० सेंमी अंतर ठेवा. झाड माणसाच्या उंचीचं होतं. सावलीत लावलं तर उन्हाकडे झुकून आडवं पडतं. बोंडावरची लव हाताला खुपते, बी काढताना हातमोजे घाला. आणि अभयारण्यातून बी आणू नका.

प्रश्न : ही रानभेंडी की कस्तुरभेंडी? दोन्हींची फुलं पिवळी, मध्ये गडद.

उत्तर : फूल सोडा, कळीचं बूड पाहा. तिथे पानासारखी चार-पाच रुंद दलं असतील तर रानभेंडी. दोऱ्यासारखी अरुंद सात-आठ असतील तर कस्तुरभेंडी. पिकलेलं बी चुरडून हुंगलं की कस्तुरभेंडी वासानंच ओळखू येते. काळ्या जमिनीतल्या, पांढरं फूल गुलाबी होत जाणाऱ्या झाडालाही रानभेंडीच म्हणतात, पण ती जात निराळी.

प्रश्न : भाजीच्या भेंडीशेजारी लावली तर भेंडी बिघडेल?

उत्तर : यंदाची भाजी बिघडणार नाही. संकर झालाच तर तो बीमध्ये उतरतो, आणि त्या बीचं रोप बहुधा वांझ निघतं. घरचं बी धरणार असाल तर भाजीच्या भेंडीची कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी कागदी पिशवीत बांधा. मावा आणि तुडतुडे मात्र दोन्हींवर येतात, तेव्हा पानांची खालची बाजू पाहत राहा. केवड्याला (भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूच्या रोगाला) त्या काळी दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ (१९८५) ही भाजीच्या भेंडीची जात रानभेंडीशी केलेल्या अशाच संकरातून आली. वांझपणावर मात करायला तिथे पुन्हा पुन्हा भाजीच्या भेंडीशी संकर करावा लागला.