तापमान वाढतंय, वादळं येतायत; अशात लग्न करून मूल होऊ देणं बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की लग्न ठरलंय, माणूस आवडलाय, पण २०२४ हे आजवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरल्याचं वाचल्यापासून लग्न आणि मूल दोन्हींची धास्ती वाटते. मी यातून गेले आहे, म्हणून लिहिते.

माझा साखरपुडा जानेवारी २०२० मध्ये झाला. सासर श्रीवर्धनजवळ, पोफळीची वाडी. रोठा सुपारी ऐकली असेल, तीच. मेमधलं लग्न लॉकडाऊनमुळे पुढे गेलं आणि ३ जूनला निसर्ग वादळ नेमकं त्याच किनाऱ्यावर आलं. पाच दिवस फोन लागेना. सहाव्या दिवशी तो रेंज शोधत डोंगरावर चढला आणि म्हणाला, "वाडी आडवी झाली. चार माड उभे आहेत. तू पुन्हा विचार कर, मी अडवणार नाही."

पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. सुरुवातीला मदत जाहीर झाली ती हेक्टरी ५० हजार. आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत मोजतात, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायलाच त्याहून जास्त मजुरी गेली. बाबा म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, मोडून टाकू.

पावसाळ्यात मी स्वतः जाऊन आले. सासऱ्यांचं एकच, पुन्हा सगळी पोफळच लावायची. तो रोज जेवताना त्यांच्याशी बोलायचा, आवाज न चढवता: अर्ध्या जागेत पोफळ, बाकीच्यात केळी, सावली धरली की जायफळ. केळ तशीही लागतेच. कोवळ्या पोफळीला सावली हवी, पश्चिमेच्या उन्हानं खोड भाजलं की पुढे वाऱ्यात तिथेच मोडतं. आठवडाभरानं सासरे तयार झाले. एवढं गेल्यावरही हा माणूस वडिलांना तोडून बोलत नाही आणि जुनंच पुन्हा करू असंही म्हणत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. डिसेंबरमध्ये मोजक्या माणसांत लग्न केलं. तुम्ही तुमच्या माणसाला मोठ्या नुकसानीत पाहिलंय का? नसेल तर पुढची दहा वर्षं कुठे राहायचं, पाणी नसेल तेव्हा काय करायचं, हे आत्ताच त्याच्याशी सविस्तर बोला.

मुलाचं मात्र आम्ही टाळत राहिलो. मे २०२१ मध्ये तौक्ते समुद्रातून वर गुजरातकडे गेलं, त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही. अरबी समुद्र तापतोय आणि त्यामुळे वादळांना जोर मिळतोय, हे वाचलेलं होतंच. अशा ठिकाणी बाळ आणायचं? मग आम्ही आधी दोन गोष्टी केल्या. घरातल्या एका खोलीवर कौलं काढून स्लॅब घातला. आणि पुण्यातलं माझं हिशेबाचं काम मी घरून चालू ठेवलं, आभाळावर अवलंबून नसलेला एक पगार घरात असावा म्हणून. हे दुसरं तुम्हीही कराच, कुठेही राहिलात तरी.

मुलगी २०२३ मध्ये झाली. मला ती हवी होती, याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. गरोदरपणातला उन्हाळा जड गेला. इथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, आणि जास्त उष्णतेनं बाळ वेळेआधी येण्याची भीती असते, म्हणून डॉक्टरांनी दुपारची कामं बंद करवली. माझ्या एका मैत्रिणीनं विचार करून मूल नको ठरवलं. तिचा संसार सुखाचा आहे आणि तिचं चुकलं असं मला एकदाही वाटलेलं नाही.

दुसरं मूल आम्ही नको ठरवलंय. मेमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागतो, तेव्हा ठरवलं. सासूबाईंना सांगितलंय, त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. आईला अजून सांगायचं आहे.