सर्दीच्या गोळीबरोबर तापाची गोळी घेतली तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की सर्दीची गोळी चालू असताना ताप आला तर डोलो ६५० (म्हणजे ६५० मिग्रॅ पॅरासिटामॉल, तापाचं औषध) घ्यावी का. आधी सर्दीच्या गोळीची स्ट्रिप उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच गोळ्यांत तिथे ‘पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ’ लिहिलेलं असतं, म्हणजे तापाचं औषध आधीच पोटात जातंय. दिवसाला चार अशा गोळ्या आणि वर चार डोलो म्हणजे ४६०० मिग्रॅ झालं. निरोगी मोठ्या माणसाची मर्यादा ४००० आहे. यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू होत असेल तर त्याहूनही कमी. तेव्हा दोन्ही एकत्र नकोच.

त्याच स्ट्रिपवर फिनाइलएफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) दिसलं तर बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. क्लोरफेनिरामिनने (शिंका आणि वाहतं नाक थांबवणारं औषध) झोप येते, गोळी घेऊन गाडी चालवू नका. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी त्याने अडू शकते, हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही.

आणि कृपा करून मोठ्यांची गोळी अर्धी करून लेकरांना देऊ नका! फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन या दोन औषधांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा केंद्रीय औषध नियंत्रकांचा डिसेंबर २०२३ चा आदेशच आहे.