मानसिक आघातातून सावरायला डॉक्टरच लागतो का, की वस्तीतली माणसंही मदत करू शकतात?

करू शकतात, पण शिकवलेली हवीत आणि पाठीशी डॉक्टर हवा. नुसतं "विसरून जा, देवाचं नाव घे" म्हणणं म्हणजे मदत नव्हे.

मला पटलेलं उदाहरण झिम्बाब्वेचं. 2005 साली तिथल्या सरकारने शहरांतल्या झोपड्या आणि टपऱ्या पाडल्या. सुमारे 7 लाख लोकांचं घर, रोजगार किंवा दोन्ही गेलं. देशात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग त्यांच्यापैकीच एक, डॉ. डिक्सन चिबांडा, यांनी 2006 मध्ये राजधानी हरारेच्या म्बारे वस्तीतल्या 14 आज्यांना हाताशी धरून शिकवलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक आणि त्यावर बसून ऐकणारी आजी, एवढंच. आधी त्याचं नाव 'मानसिक आरोग्य बाक' होतं, त्यावर कोण बसणार? आज्यांनीच सुचवलं, 'मैत्रीचा बाक' म्हणा. (हे तज्ज्ञांना सुचायला हवं होतं खरं तर!)

'डिप्रेशन' हा शब्दही आज्या वापरत नाहीत. तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. आपल्याकडे "विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली" म्हणतात, तसंच. आजी सगळं बोलू देते, मग त्यातली एकच अडचण निवडून तिच्यावर काय करता येईल ते त्या माणसाकडूनच काढून घेते. जिवाचं बरंवाईट करायचा विचार दिसला, तर पुढच्या उपचारांसाठी पाठवते.

गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेनेही डॉक्टर नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना असंच तयार केलंय. तिचे एक संस्थापक डॉ. विक्रम पटेल त्याआधी हरारेतच संशोधन करत होते.