टाकीत पाणी कुठलं भरलं होतं, ते आधी बघा

तुमचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. जुलैमधली क्लबची मासे पकडायची स्पर्धा, दुपारी माशांची वजनं, सोडताना सगळे बास मासे धडधाकट पोहत गेले, आणि तिसऱ्या दिवशी होड्या पाण्यात उतरवायच्या रॅम्पजवळच्या गवतात पांढरी पोटं वर आलेली. "आमचं नेमकं काय चुकलं?" असं तुम्ही विचारलंय. आठ वर्षांपूर्वी इथेच, मध्य टेक्सासमध्ये, आमच्या क्लबचं अगदी हेच झालं होतं. वजनाचा तंबू माझ्याकडे होता.

लाइव्हवेलचा (होडीतल्या जिवंत मासे ठेवायच्या टाकीचा) पंप बंद करायचा नाही, हात ओले करून मासा धरायचा, मोठा बास नुसत्या जबड्यावर आडवा लटकवायचा नाही, हे तुम्ही करतच असणार. मला तुमचं एकच वाक्य टोचलं: "रॅम्पवरच्या नळाला पाइप लावून मोठी टाकी भरली."

आम्हीही तेच केलं. वजन झालं की मासे थोडा वेळ गार पाण्यात, भरपूर हवा सोडून ठेवायचे आणि मग सोडायचे, म्हणून टाकी आणली होती. तळ्याचं पाणी ३० अंशांवर गेलेलं, नळाचं बरंच गार. आमच्या मुलुंडच्या घरी फिशटँक होता, तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलेलं की नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो. म्हणून टाकी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवली. सकाळी स्विमिंग पूलची पट्टी बुडवून पाहिली, क्लोरीन जवळपास शून्य. निर्धास्त झालो.

इथेच चुकलो. त्या नळाला क्लोरीन नव्हता, क्लोरामाइन होतं. क्लोरीन आणि अमोनिया मिळून ते बनतं, आणि लांबच्या पाइपांत टिकून राहावं म्हणूनच वापरतात. रात्रभर ठेवून ते जात नाही. माझी पट्टी फक्त 'फ्री क्लोरीन', म्हणजे सुटा क्लोरीन, दाखवणारी होती, क्लोरामाइन तिला दिसतच नाही. त्यासाठी 'टोटल क्लोरीन'ची, म्हणजे सुटा आणि क्लोरामाइनमधला मिळून दाखवणारी, पट्टी लागते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात क्लोरामाइन लिटरला ४ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी, अगदी थोड्या वेळापुरतीसुद्धा, टोटल क्लोरीनची सरकारी मर्यादा आहे ०.०१९ मिलिग्रॅम. माणसाच्या पोटात ते पचून जातं, माशाच्या मात्र कल्ल्यांतून थेट रक्तात शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच घालवतं. डायलिसिसच्या पाण्यातूनही ते काढून टाकावंच लागतं, ते याच कारणाने.

सगळ्यात जास्त राग येतो तो याचा, की मी आधी विचारलं होतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीला फोन केला, माशांच्या टाकीसाठी हवंय हे स्पष्ट सांगितलं. उत्तर आलं, "पाणी सगळ्या निकषांत बसतं, सुरक्षित आहे." दुसऱ्या टेबलाकडे जोडून दिलं, तिथेही तेच वाक्य. 'आम्ही क्लोरामाइन घालतो' एवढे तीन शब्द दोघांपैकी एकानेही उच्चारले नाहीत. आणि ती माहिती त्यांच्याच वार्षिक अहवालात छापलेली होती! तो अहवाल दरवर्षी १ जुलैच्या आत ग्राहकांना द्यावाच लागतो. तुमच्या गावाचा आज काढा आणि जंतुनाशकाची ओळ वाचा. फोनच्या भानगडीत पडू नका.

त्या दिवशी मी वहीत 'मृत: ०' लिहिलं. सोडताना मासा पोहत गेला म्हणजे जगला, असं धरून चाललो. उशिरा होणारी मरतूक पुढच्या पाच-सहा दिवसांत दिसते, तीही सगळी नाही, कारण बरेच मासे तळालाच राहतात. ते आकडे बदलायचे राहिले, ही खंत आहे.

एक सांगतो, मी मत्स्यतज्ज्ञ नाही. आमचे किती मासे पाण्याने गेले आणि किती नुसत्या उन्हाने, हे मला वेगळं काढता येणार नाही. पाणी २७ अंशांच्या वर गेलं की अशी मरतूक वाढते, शिवाय ३० अंशांना पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. वजनाच्या रांगेत पाच बास एका पिशवीत कोंबले की तो दोन-तीन मिनिटांत संपायला येतो. तुमच्याकडे रांग किती लांब होती, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आता आम्ही टाकी पंपाने तळ्याच्याच पाण्याने भरतो. गार करायला बर्फ, पण बंद बाटल्यांत गोठवलेला, कारण सुटा बर्फही नळाच्याच पाण्याचा असतो. तळ्यापेक्षा चार-पाच अंशांहून जास्त गार करायचं नाही. नळाशिवाय गत्यंतरच नसेल तर क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट पाकिटावरच्या मापाने घाला, तरी मागे अमोनिया उरतो, म्हणून मला तो मार्ग पसंत नाही. आणि खोलवरून काढलेल्या, पोट फुगून उलट्या पडणाऱ्या माशाला सुई टोचून हवा काढायचं काम नवख्या माणसाकडे कधीच देऊ नका.

माझं स्पष्ट मत विचाराल तर जुलै-ऑगस्टमध्ये वजनाची स्पर्धाच नको. मासा मोजपट्टीवर ठेवा, फोटो काढा, तिथल्या तिथे सोडा. आमच्याकडे दोन जुने सदस्य यावरून क्लब सोडून गेले. स्पर्धेतला मासा जिवंत सोडायची मोहीम अमेरिकेत बासच्या स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये सुरू केली, तेव्हाही विरोध झालाच असेल. मी मागे हटलो नाही.

तुमच्या रॅम्पवरच्या त्या नळाचं पाणी आजच एका बाटलीत भरा, टोटल क्लोरीनची पट्टी बुडवा आणि आकडा इथे लिहा. तो शून्य निघाला तर मग आपण रांगेचं बोलू.