विदर्भातल्या उन्हात कुत्र्यासाठी अंगणात कृत्रिम गवत टाकावं का? कोणतं घ्यावं, निगा कशी राखावी?

उघड्या अंगणात टाकू नका. तुम्ही लिहिलंय की यवतमाळजवळ गावात घर बांधलंय, समोरचं अंगण मोकळं आहे आणि पावसाळ्यात लॅब्रॅडॉर चिखलाचे पाय घेऊन घरभर फिरतो. तो वैताग मला समजतो, काळ्या मातीतच माझा जन्म गेला. पण प्रश्न वाचला आणि आमच्या कुत्र्याचे, भुऱ्याचे, पाय डोळ्यांसमोर आले, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. तीन वर्षांपूर्वी घरात लग्न होतं. माझे दीर पुण्याहून आले ते नागपुरातून गवताचे रोल घेऊनच. अंगणात सासूबाईंनी लावलेली हरळी होती, गणपतीच्या दूर्वा त्या तिथूनच खुडायच्या. ती खरवडून काढली आणि रोल अंथरले. मी तेव्हाच म्हटलं, "भाऊजी, उन्हाळ्यात हे तापेल. भुऱ्या दिवसभर इथंच असते." तर म्हणाले, "वहिनी, पाणी मारलं की थंड होते. दुकानदारानं सांगतलं." माझं कोणी ऐकलं नाही.

लग्न झालं, पाहुणे गेले, आणि मेअखेर नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. भुऱ्या आमचा नऊ वर्षांचा गावठी. दुपारी दीडच्या सुमारास फाटकावर कोणीतरी आलं म्हणून तो ओसरीतून धावत सुटला आणि गवताच्या मधोमध थबकला. एक पाय उचलला, तो टेकवून दुसरा उचलला. पुढे जाईना, मागे येईना, भुंकणंही बंद. मी अनवाणीच धावले आणि त्याला उचलून आणलं. माझ्या तळव्यांना फोड आले, पण मी चार पावलंच टाकली होती. त्याच्या पुढच्या दोन्ही पंजांच्या गाद्यांची कातडी दुसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखी सुटली, आत नुसतं गुलाबी मांस. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम लावून पट्ट्या बांधल्या. अठरा दिवस मी त्याला लघवीला उचलून नेत होते.

पट्ट्या असतानाच मी मोजून पाहिलं. आधी शाळेतली कोरोनाच्या वेळची कपाळाची बंदूक आणली. ती माणसाच्या तापापुरतीच, त्यामुळे आकडाच दाखवेना. मग जिनिंगमधल्या इलेक्ट्रिशियनकडून त्याची मशीनचं तापमान बघायची बंदूक मागून आणली. दुपारी दोनला गवत 71 अंश, बाजूची फरशी 58, कडुनिंबाखालची ओली माती 36. पाणी मारल्यावर गवत चाळिशीत आलं आणि वीस मिनिटांत परत साठीच्या पुढे. खऱ्या गवताच्या पात्यातून पाण्याची वाफ होत राहते, म्हणून ते गार राहतं. हे प्लास्टिक आहे, वर मारलेलं पाणी उडालं की संपलं. आमच्याकडे नळ तिसऱ्या दिवशी येतो. दर वीस मिनिटांनी अंगणावर पाणी कुठून ओतायचं? आणि कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना, बाकी सगळी भिस्त धापण्यावर. खालून तापलेली जागा त्याला चटके तर देतेच, उष्माघातही करू शकते.

एवढं ऐकूनही टाकायचंच असेल तर कडुनिंबाखाली किंवा शेडनेटखाली टाका. पॉलिइथिलीन प्लास्टिकचं घ्या, नायलॉन लघवी शोषतं. पातं 20-25 मिलिमीटरपेक्षा लांब नको, केस आणि विष्ठा अडकून बसते. मागची बाजू लेटेक्सची, म्हणजे रबरासारख्या थराची, असली तर पाणी फक्त भोकांतून जातं, म्हणून जास्त निचऱ्याची मागा. काळे रबराचे दाणे अजिबात भरू नका, ते सगळ्यात जास्त तापतात. धुतलेली सिलिका वाळू किंवा झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे भरा, झिओलाइट अमोनियाचा वास धरून ठेवतं. काळ्या मातीवर थेट अंथरू नका. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि सगळं वरखाली होतं. माती खोदून काढा, मुरूम दाबून वर गिट्टी टाका आणि उतार द्या. विष्ठा लगेच उचला, लघवीची जागा रोज पाण्याने धुवा, आठवड्यातून एकदा एंझाइमवालं क्लीनर वापरा, कडा उचलून गोचीड बघा. काळं फिनाईल नको, कुत्रा पाय चाटतो. ब्लीचिंग पावडर तर मुळीच नको, लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो. आणि कुत्र्याला सोडण्याआधी तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. हात टिकला नाही तर कुत्र्याला सोडू नका.

माझ्या मते तुमच्या चिखलावर खरा उपाय म्हणजे फाटकापासून ओसरीपर्यंत मुरूम आणि बाकी अंगणात हरळी. लघवीने तिच्यावर पिवळे डाग पडतात, लगेच पाणी ओतलं की कमी पडतात.

हेही सांगायला हवं की पावसाळ्यात आणि हिवाळ्यात या गवताचा मला त्रास झाला नाही. एक तुकडा अजून ओसरीत आहे, भुऱ्या पाय पुसल्यासारखा त्यावरूनच आत येतो. तुमच्याकडे दिवसभर दाट सावली असेल तर माझं म्हणणं तेवढं कडक समजू नका.

आमचे दीर मात्र अजूनही पोळ्याला आले की म्हणतात, वहिनींनी पाणी मारलं नाही म्हणून कुत्रं भाजलं. भाऊजी, तुम्ही इथं वाचता हे मला माहीत आहे. त्या दिवशी 1 वाजता मी 4 बादल्या मारल्या होत्या. प्यायच्या पाण्यातल्या.