नागपूरच्या मे महिन्यात काँक्रीट थंड ठेवायचंय? आधी पाणी बघा

तुमचा काँक्रीटचा प्लांट नवीन असेल, तर चिलरचं (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं) कोटेशन मागवण्याआधी टाकीला हात लावून बघा. उन्हातल्या काळ्या टाकीत दुपारी पाणी सहज 40 अंशांवर जातं. टाकीवर शेड घाला, पांढरा रंग द्या, चिलरपासून बॅचरपर्यंतच्या (माल मोजून मिक्सरला देणाऱ्या यंत्रापर्यंतच्या) पाइपला इन्सुलेशन करा. नाहीतर थंड केलेलं पाणी वाटेतच तापतं आणि वीज फुकट जाते.

ढोबळ हिशेब असा: पाणी 4 अंशांनी थंड केलं की काँक्रीट सुमारे 1 अंशाने उतरतं. काँक्रीटच्या घनमीटरला 150 लिटर पाणी 35 वरून 5 अंशांवर आणलं, तर जेमतेम 7 अंश मिळतात. त्यापुढे बर्फच हवा. त्यातलं 50 किलो पाणी काढून तेवढाच बर्फ टाकला तर आणखी 6 अंशांच्या आसपास मिळतात, कारण वितळताना बर्फ भरपूर उष्णता ओढून घेतो.

बर्फ वजन करूनच घ्या आणि तेवढं पाणी नक्की कमी करा; इथेच सगळे चुकतात आणि स्ट्रेंथ पडते. बर्फ बारीक कुटलेला किंवा फ्लेक (पातळ पापुद्र्यांचा) हवा. मिक्सरमधून माल निघताना एकही खडा दिसता कामा नये, तो नंतर वितळून पोकळी सोडतो. कारखान्याची बर्फाची लादी घेत असाल तर क्लोराइड तपासा. बर्फाच्या साच्यात मिठाचं पाणी झिरपलेलं असेल तर सळई गंजेल.

खडीच्या ढिगावर सावली आणि पाण्याचा फवारा हवाच, पण खडीतला ओलावा रोज मोजून पाण्यातून वजा करा. साइटवर स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) कमी वाटला तर ट्रकमध्ये पाणी मुळीच ओतू देऊ नका. रिटार्डरचा (काँक्रीट उशिरा घट्ट करणाऱ्या रसायनाचा) डोस ट्रायल मिक्सवर (चाचणीसाठी केलेल्या मिश्रणावर) आधीच ठरवा.